एकट्यांचा जोडीदार

आमच्या तळ्यात एकट्याने उतरायला बंदी आहे. फाटकावर लाल अक्षरात तशी पाटीच लावली आहे, आणि ती वाचूनही रोज कोणीतरी माझ्या काउंटरवर येऊन विचारतंच, "मी एकटाच आलोय, चालेल ना?" मी म्हणते, "नाही चालणार. पण थांबा." मग मागच्या खिडकीतून हाक मारते, "जोडीदार!" आणि कंप्रेसरच्या खोलीतून हात पुसत तो बाहेर येतो.

त्याला खरं नाव आहे. पण ते मालकही विसरलेत असा माझा संशय आहे. एकट्या आलेल्या माणसाबरोबर पाण्यात उतरायचं, त्याच्या शेजारून पोहायचं, त्याच्या पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर आणि त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं, आणि त्याला धडपणे वर आणायचं, हे त्याचं काम. बाकी वेळात तो टाक्यांमध्ये हवा भरतो, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे दोर बदलतो, पाण्याखालच्या वस्तूंवर बसलेला गाळ ब्रशने काढतो. पण नाव पडलं ते जोडीदारच. लग्न न झालेल्या माणसाला हे नाव पडावं, यावर सगळ्यांनी हसून घेतलं, आणि सगळ्यात आधी तो स्वतः हसला. "एकटा जीव सदाशिव म्हणण्यापेक्षा हे बरं ना, ताई," म्हणाला. मी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई.

तळं म्हणजे पूर्वीची दगडाची खाण. खाण बंद पडली, पंप थांबले, आणि झऱ्यांनी ती काठोकाठ भरली. मग आत्ताच्या मालकांना कल्पना सुचली. त्यांनी तळाशी एक जुनी बस सोडली, पंख मोडलेलं एक छोटं विमान सोडलं, एक होडी सोडली, आणि कपड्यांच्या दुकानातला एक टकला पुतळा लोखंडी खुर्चीवर बांधून बसवला. जमिनीवर ज्या बसमध्ये कोणी फुकटही बसलं नसतं, ती बघायला आता लोक कुडकुडत खाली जातात. वरचं पाणी बरं असतं. थोडं खाली गेलं की अचानक फ्रीजचं दार उघडल्यासारखी थंडी लागते म्हणे. मला विचाराल तर, ज्याला सुखाचा जीव दुःखात घालायचा असेल त्याने जावं. मला पोहता येत नाही. मी सूट, हूड, हातमोजे देते, परत घेते, धुते आणि वाळत घालते. कोण किती घाबरलं होतं ते मला सूट धुताना कळतं. जास्त सांगत नाही.

एकट्या येणाऱ्यांच्या तऱ्हा बघाव्यात. कोणाचा मित्र आयत्या वेळी फिरला, कोणाची बायको म्हणाली तुझी थेरं तुला लखलाभ, कोणी शहरात नवीन, आणि कोणी नुसतंच एकटं. जोडीदार सगळ्यांशी सारखाच वागतो. उतरण्याआधी काठावर उभा राहून थोडक्यात सांगतो. त्याचं नमनाला घडाभर तेल नसतं. "खाली मी दिसेनासा झालो तर घाबरायचं नाही. एक मिनिट गोल फिरून बघायचं. नाही दिसलो, तर सावकाश वर यायचं. मीही वर येतो. वर भेटू." लोक मान डोलावतात. नियम साधा आहे आणि शहाणपणाचा आहे. गढूळ पाण्यात दोन माणसं एकमेकांना शोधत बसली तर दोघंही भटकत राहतात आणि हवा संपते. वर आल्यावर मात्र लपायला जागाच नाही. तो हा नियम इतक्या वेळा सांगून चुकलाय की मी, जिला पाण्यात पाय बुडवायचीही भीती, तीसुद्धा तो झोपेत म्हणून दाखवेन.

खाली तासभर ही माणसं त्याचा हात धरतात. भीती वाटली की त्याच्या दंडाला घट्ट पकडतात, डोळ्यांत डोळे घालून बघतात. वर आली की मिठी मारतात, फोटो काढतात, आणि सूट माझ्या अंगावर टाकून गाडीत बसून निघून जातात. पुन्हा आली तर सोबत कोणीतरी घेऊन येतात. तसंच असायला हवं म्हणा. पण गाड्या गेल्यावर तो बाकावर बसून उकडलेली अंडी खायचा, आणि सोललेल्या कवचांशी चाळा करत बसायचा, ते मला बघवत नसे. मी उगीचच काहीतरी कारण काढून त्याच्यावर ओरडायचे. तेवढंच त्याच्याशी कोणीतरी बोललं.

त्याची खोली मी एकदाच पाहिली, तो तापाने पडला होता तेव्हा. टायरवाल्याच्या दुकानावरची एक खोली. पलंग, विजेची शेगडी, खिडकीत वाळत घातलेले मोजे. टेबल नव्हतंच. पलंगावर वर्तमानपत्र पसरून तो जेवायचा. तरुणपणी तो धरणावर पाण्यात बुडी मारून दरवाजे साफ करणाऱ्या कामगारांमध्ये होता. तेव्हा थोरला भाऊ आणि वहिनीजवळ राहायचा. भाऊ गेला, वहिनी मुलाकडे राहायला गेली, आणि जाताना म्हणाली, "भाऊजी, येत जा हो." तो दोनदा गेला. दोन्ही वेळा पुतण्याने इतक्या प्रेमाने विचारलं, "काका, परतीची गाडी कितीची?" की तिसऱ्यांदा गेला नाही. हे त्याने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मग चष्मेवाल्या बाई आल्या.

त्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान. बुधवारी ते बंद, म्हणून त्या बुधवारी यायच्या. पन्नाशी उलटलेली, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. पूर्वी नवऱ्याबरोबर दुसऱ्या एका तळ्यात उतरायच्या. नवरा गेला, आणि मधली काही वर्षं त्यांनी सूट बाहेर काढला नाही. हे एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मीही जास्त विचारलं नाही, जे माझ्या स्वभावात बसत नाही. मी हाक मारली, जोडीदार आला, दोघं उतरली. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा आल्या, एकट्याच. आणि त्याच्या पुढच्याही.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातांनी. ही गोष्ट दोघांच्याही पथ्यावर पडली असावी. वर आल्यावर बाकावर ओल्या सूटमध्येच बसायची, मी चहा द्यायचे, आणि दोघं पाण्याकडे बघत प्यायची. मध्येच बाई म्हणायच्या, "विमानाखाली आज मोठा मासा होता." तो म्हणायचा, "मिशावाला. तो म्हातारा आहे." झालं संभाषण. मी आतून वैतागायचे. दोन माणसं तोंडाला कुलूप लावून इतकी खूश कशी असू शकतात, हे मला कळायचं नाही.

एक दिवस बाईंनी त्याला एक डबी दिली. आत पाण्यात घालायचा मास्क होता, पण काचा वेगळ्या. झालं होतं असं की त्याची जवळची नजर गेली होती आणि ते त्याने आमच्यापासून लपवलं होतं. हवेचा काटा वाचायला तो हात लांब करून डोळे बारीक करायचा. आम्ही वर असणार, आम्हाला काय दिसणार? पण चष्मेवालीच्या डोळ्यांतून ते सुटतंय होय! त्यांनी त्याला न विचारता अंदाजाने नंबर काढला आणि काचा बसवून आणल्या. "चुकला असेल तर बदलून देईन," म्हणाल्या. चुकला नव्हता. त्या दिवशी तो वर आला तो मला सांगत सुटला, "ताई, बसच्या खिडकीवर अजून खिळ्याने कोरलेली अक्षरं आहेत. मला इतकी वर्षं दिसलीच नव्हती." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यानंतर त्याने टेबल घेतलं. सांगायला आला आणि कान लाल झाले.

"टेबल? कशाला रे? पलंग मोडला का?"

"नाही. कोणी आलं तर बसायला."

"टेबलावर बसणार?"

"खुर्च्या पण घेतल्यात, ताई. दोन."

मी हातातला सूट खाली ठेवला. "कोण येणार आहे?"

"अजून विचारलं नाही." मग बराच वेळ तो काउंटरची कड नखाने खरवडत राहिला. "कसं विचारू?"

मी म्हटलं, "तोंडाने विचार. खाली हातवारे करून विचारशील, तर त्यांना वाटेल तुला पेटके आलेत." तो हसला. पण मी गंमत करत असले तरी मला दिसत होतं, की या एका प्रश्नावर त्याचं सगळं अडलंय. छप्पन वर्षांचा माणूस पहिल्यांदा कोणालातरी जमिनीवर सोबत मागणार होता. ठरलं असं, की येत्या बुधवारी वर आल्यावर, चहा पिताना, सरळ म्हणायचं, रविवारी माझ्याकडे जेवायला याल का? मी त्याच्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. चौथ्यांदा ठीक जमलं.

त्या बुधवारी सकाळी शिकाऊ लोकांची एक मोठी टोळी येऊन गेली होती. नवशिके पाय कसेही मारतात आणि तळाचा गाळ उठवतात, मग दुपारपर्यंत खाली ढवळलेल्या कॉफीसारखं पाणी असतं. मी म्हटलं, आज राहू द्या. बाई म्हणाल्या, वरवर फिरून येऊ. दोघं उतरली. मी सूट पिळायला लागले.

पुढचं मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. वरवर म्हणता म्हणता दोघं बसपर्यंत पोचली, तेव्हा बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं, बहुधा ती कोरलेली अक्षरं. तेवढ्यात कोणाचातरी पाय लागला आणि गाळाचा लोटच उठला. तो खाली बसेना. दोघांना एकमेकांचं काही दिसेना.

बाईंनी नियम पाळला. एक मिनिट गोल फिरून पाहिलं, आणि सावकाश वर आल्या. वर येऊन त्याच्या बुडबुड्यांकडे बघत थांबल्या. खालच्या माणसाचा श्वास वर बुडबुड्यांनी दिसतो, तो चालू होता. येईलच आता, असं त्यांना वाटत होतं.

तो आला नाही. त्याला वाटलं बाई बसमध्ये शिरल्या आणि आत अडकल्या. तो दारातून आत गेला. एकेक बाक चाचपत, एकेका बाकाखाली हात घालत मागपर्यंत गेला, आणि पुन्हा पुढे आला. आता बसला छप्पर आहे. आत सोडलेला श्वास छपराखाली साठतो, वर येत नाही. वर बाईंना दिसलं ते इतकंच, की बुडबुडे येता येता थांबले.

त्यांची किंकाळी मी अजून विसरलेले नाही. मी धावत बाहेर आले. बाई पाण्यात एकाच जागी उभ्याने हात मारत होत्या आणि खाली बघत होत्या. मी भोंगा वाजवला. सकाळच्या टोळीला शिकवणारी दोन पोरं अजून जेवत होती, ती घास टाकून उठली आणि टाक्या पाठीला लावायला लागली. बाई खाली जाऊ बघत होत्या आणि मी काठावरून ओरडत होते, "जाऊ नका! एकट्या जाऊ नका!" त्या थांबल्या. पाण्याकडे बघत नुसत्या तरंगत राहिल्या. पाणी अगदी सपाट होतं, एक बुडबुडा नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही.

आणि मग भसकन बुडबुडे आले, आणि त्यामागून तो आला. हवा जवळजवळ संपलेली. माझा जीव भांड्यात पडला. त्याने मास्क वर केला, बाईंना समोर बघितलं आणि लहान मुलासारखा हसला.

"सापडलात!" म्हणाला.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "मी वरच होते."

बाकावर मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्यांचे दात वाजत होते आणि ते थंडीने नव्हे. चहा तसाच राहिला. तो समोर उभा राहिला, सूटमधून पाणी गळत होतं, आणि ते चार वेळा घोकलेलं वाक्य त्याच्या घशात अडकलेलं मला दिसत होतं. बाई उठल्या, सामान भरलं, मला "येते" म्हणाल्या आणि गेल्या. त्याला काही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मालकांनी बसच्या दाराला जाळी ठोकून घेतली आणि जोडीदाराला चांगलं झापलं, नियम शिकवणारा माणूस असा वागतो का म्हणून. तो मान खाली घालून उभा होता. मालक गेल्यावर मी माझा पाढा सुरू केला. मला राग आला होता. हातातोंडाशी आलेला घास या शहाण्याने स्वतःच्या हाताने घालवला होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी म्हणाले. "बाई डोक्यावर तरंगताहेत आणि हा बाकांखाली शोधतोय! तूच सांगतोस ना जगाला, एक मिनिट, मग वर? का नाही आलास वर?"

तो टाकीचं तोंड फडक्याने पुसत होता. पुसतच राहिला.

"एक मिनिट झालं ते कळलं होतं, ताई. वर यायला निघालोही होतो."

"मग?"

"वर आलो असतो आणि त्या तिथे नसत्या तर?" तो थांबला. "खाली शोधत होतो, तोवर त्या फक्त सापडायच्या बाकी होत्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याला विचारलं, हे त्यांना सांगितलंस का? म्हणाला, नाही, त्यांनी विचारलं नाही. अशा माणसांचं करायचं काय? तो जेवायला खोलीवर गेला, आणि मी फोन उचलून सरळ चष्म्याच्या दुकानात लावला. लोकांच्या भानगडीत पडू नये हे मला माहीत आहे. पण पडले.

मी बाईंना तो जसं म्हणाला तसंच्या तसं सांगितलं. मग बाई बोलल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"माझे मिस्टर अंघोळीला गेले होते. मी टेबलावर जेवण मांडून बसले होते. आत नळ चालू होता. खूप वेळ झालाय हे मला कळत होतं. कळत होतं हो, ताई. पण मी उठून दारावर थाप मारली नाही. थाप मारली आणि आतून ओ आली नाही तर? पाणी वाहत होतं, तोवर ते अंघोळ करत होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या जोडीदारांनी खाली असं का केलं हे मला समजत नाही असं नका समजू," बाई म्हणाल्या. "माझ्याइतकं कोणाला समजणार? पण त्या दिवशी मी फार हिंमत करून वर आले होते. एक मिनिट मोजलं आणि आले. ते म्हणाले होते ना, वर भेटू. मी विश्वास ठेवला. आणि वर कोणीच नव्हतं." मग त्यांनी नाक ओढलं. "पुन्हा तेवढी हिंमत माझ्यात नाही. त्यांना सांगा, माझा राग नाही. काचांचा नंबर बदलला तर दुकानात पाठवा, तिथली कामाची मुलगी करून देईल."

मी म्हटलं, "अहो, पाण्यात नका येऊ. जमिनीवर या. त्याने टेबल घेतलंय." त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. "पुन्हा टेबलावर वाट बघायची?" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. हातचं काही राखून ठेवलं नाही. लपवून काय साधणार होते? तो बाकावर बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने एकच विचारलं.

"थाप मारली असती तर ते वाचले असते का?"

हे मी बाईंना विचारलं नव्हतं. पण बाजारातल्या लोकांकडून पूर्वी मला कळलं होतं. "नाही," मी म्हटलं. "पडले तेव्हाच संपलं होतं म्हणे."

त्याने मान हलवली.

"मग बरं केलं बाईंनी," तो म्हणाला. "तेवढा वेळ तरी ते त्यांना जास्त मिळाले."

मी त्याच्या हातात कोरडा टॉवेल दिला. तो कोरडाच होता, पण दुसरं काय द्यावं ते मला सुचेना.